जिममधली ‘सायकल’ संपली, पुढे काय? स्टेरॉइड सोडल्यावर शरीर सावरायला किती वेळ लागतो?

‘बारा आठवड्यांचा कोर्स आहे, संपला की सगळं नॉर्मल होतं.’ स्टेरॉइड घ्यायला निघालेल्या तरुणाला जिममध्ये हमखास मिळणारा हा दिलासा. यातला कोर्स बारा आठवड्यांत संपतो, हे खरं. पण शरीर त्याच दिवशी नॉर्मल होत नाही. काहींना त्यासाठी तीन महिने लागतात, काहींना वर्ष, तर काहींच्या रक्तात दोन-अडीच वर्षांनंतरही टेस्टोस्टेरॉन कमी आढळतं. आणि नेमक्या याच मधल्या काळात अनेक जण पुन्हा सुई हातात घेतात.

पिपरी मेघे वर्धा शहराला अगदी खेटून आहे. आर्वी रोडच्या या पट्ट्यात कॉलेजात जाणारी, पोलीस आणि सैन्य भरतीची तयारी करणारी, नुकती नोकरीला लागलेली मुलं मोठ्या संख्येनं राहतात. जिमला जाणं ही आता चैनीची गोष्ट राहिलेली नाही, आणि ते चांगलंच आहे. प्रश्न आहे तो मोबाइलवर सहा महिन्यांचं ‘ट्रान्सफॉर्मेशन’ बघून तीच घाई स्वतःच्या शरीरावर करण्याचा. पिपरीपासून काही किलोमीटरवर सावंगी आणि सेवाग्राम इथं दोन मोठी वैद्यकीय महाविद्यालयं आहेत. तरीही या विषयावरचा पहिला सल्ला बहुतेकदा डॉक्टरचा नसतो, तर जिममधल्या ‘सिनिअर’चा असतो.

सुई थांबल्यानंतर शरीरात नेमकं काय घडतं, ते समजून घेऊ.

आपण कोणत्या स्टेरॉइडबद्दल बोलतोय?

दमा, अ‍ॅलर्जी, सांधेदुखी किंवा कोरोनाच्या गंभीर रुग्णांना डॉक्टर जे स्टेरॉइड देतात, ते वेगळं. ती कॉर्टिकोस्टेरॉइड्स. डॉक्टरांनी लिहून दिली असतील तर ही बातमी वाचून ती अचानक बंद करू नका.

जिममध्ये ज्यांची चर्चा असते ती अ‍ॅनाबॉलिक स्टेरॉइड्स. म्हणजे पुरुषी हार्मोन टेस्टोस्टेरॉन किंवा त्याची प्रयोगशाळेत बदललेली रूपं. ‘टेस्ट’, ‘डेका’ (नँड्रोलोन), ‘डायनाबॉल’ (मेथँडिएनोन), ‘विन्स्ट्रॉल’ (स्टॅनोझोलोल), ट्रेनबोलोन ही त्यातली नेहमीची नावं. टेस्टोस्टेरॉन कृत्रिमरीत्या तयार करण्याची पद्धत १९३५ मध्ये सापडली. अ‍ॅडॉल्फ बुटेनांट आणि लिओपोल्ड रुझिका या शास्त्रज्ञांना १९३९ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं, त्यात लैंगिक हार्मोन्सवरच्या या कामाचा मोठा वाटा होता. ज्यांच्या शरीरात हे हार्मोन मुळातच कमी तयार होतं, अशा रुग्णांसाठी ते आजही उपयुक्त औषध आहे.

मग त्यानं बॉडी बनते, हे खोटं आहे का?

नाही. खोटं सांगून कुणाला परावृत्त करता येत नाही, कारण समोरचा माणूस आरशात फरक पाहत असतो. १९९६ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील एका प्रयोगात ४३ पुरुष सहभागी होते. दहा आठवड्यांत व्यायाम आणि टेस्टोस्टेरॉन दोन्ही घेणाऱ्यांचं चरबीविरहित वजन सरासरी ६.१ किलोनं वाढलं. नुसता व्यायाम करणाऱ्यांचं सुमारे दोन किलोनं.

औषध काम करतं, म्हणूनच त्याची भुरळ पडते. पण हा प्रयोग डॉक्टरांच्या देखरेखीखाली, एकाच शुद्ध औषधावर आणि दहा आठवड्यांपुरता होता. जिममध्ये एकाच वेळी दोन-तीन औषधं घेतली जातात. मात्रा कुणीतरी अंदाजानं ठरवतं आणि सायकलमागून सायकल सुरू राहते.

शरीरातला कारखाना बंद कसा पडतो?

घरावरच्या पाण्याच्या टाकीला ऑटोमॅटिक मोटर बसवलेली असते. पाणी खाली गेलं की सेन्सर मोटर चालू करतो, टाकी भरली की बंद करतो. इंजिनिअरिंगच्या भाषेत हा फीडबॅक लूप. टेस्टोस्टेरॉनची व्यवस्था हुबेहूब अशीच चालते.

मेंदूतला हायपोथॅलॅमस हा सेन्सर. तो पिट्युटरी ग्रंथीला इशारा देतो. पिट्युटरी ‘एलएच’ आणि ‘एफएसएच’ ही दोन हार्मोन्स रक्तात सोडते. एलएच पोहोचलं की वृषणं टेस्टोस्टेरॉन बनवतात. एफएसएच आणि वृषणातलं टेस्टोस्टेरॉन मिळून शुक्राणू तयार होतात. निरोगी पुरुषाचं शरीर दिवसाला साधारण ३ ते १० मिलिग्रॅम टेस्टोस्टेरॉन स्वतः बनवतं.

आता या टाकीत कुणी रोज बाहेरून टँकर रिकामा करू लागलं तर? सेन्सरला टाकी कायम भरलेलीच दिसणार. तो मोटर चालूच करणार नाही. स्टेरॉइड घेताना हेच होतं. एलएच आणि एफएसएच जवळपास शून्यावर येतात, वृषणांना काम उरत नाही, ती आकारानं लहान होतात आणि शुक्राणूंची निर्मिती थंडावते. बाहेरून माणूस दणकट दिसत असतो, आत मात्र त्याचा स्वतःचा कारखाना बंद असतो.

आणि महिनोन्महिने बंद राहिलेली मोटर बटण दाबताच सुरू होत नाही, हे विदर्भात उन्हाळा काढलेल्या कुणालाही वेगळं सांगायला नको.

सुई थांबली की पुढचे महिने कसे जातात?

समजा, एका तरुणानं तीन महिन्यांची सायकल आज संपवली. पहिले दोन-तीन आठवडे त्याला फारसं काही जाणवणार नाही. तेलात मिसळलेली इंजेक्शनं स्नायूतून हळूहळू रक्तात उतरत असल्यानं औषध अजून अंगात असतं. नँड्रोलोनसारखी औषधं तर आणखी रेंगाळतात.

त्यानंतर खरी पोकळी सुरू होते. बाहेरचा पुरवठा संपलेला असतो आणि आतला सुरू झालेला नसतो. थकवा येतो, झोप बिघडते, लैंगिक इच्छा कमी होते, ताठरतेची अडचण येते. कालपर्यंत सहज उचललेलं वजन आज जड वाटतं. स्नायूंचा भरीवपणा उतरतो. चिडचिड आणि उदासी वाढते. काहींच्या मनात आयुष्य संपवण्याचेही विचार येतात.

घरच्यांना वाटतं पोरगं आळशी झालं, किंवा प्रेमप्रकरण बिनसलं असेल. त्याला स्वतःला वाटतं, ‘बॉडी चालली’. अशा वेळी जिममधला सल्ला ठरलेला असतो : पुढची सायकल सुरू कर. सुई घेतली की आठवडाभरात बरं वाटतं, हेही खरं. पण त्यानं पोकळी भरत नाही, फक्त पुढं ढकलली जाते आणि बंद मोटर आणखी तीन महिने बंद राहते. अनेकांच्या बाबतीत ‘एकदाच करून बघू’चं रूपांतर वर्षानुवर्षांच्या सवयीत होतं ते इथंच.

शरीर सावरायला नेमके किती महिने लागतात?

सर्वांना लागू पडेल असा एक आकडा नाही. मात्र तीन अभ्यासांतून चित्र बरंच स्पष्ट होतं.

पहिला, २००६ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आलेला. पुरुषांसाठीच्या हार्मोन गर्भनिरोधकांच्या ३० चाचण्यांमधील सुमारे १,५५० पुरुषांची माहिती यात एकत्र तपासली गेली. औषध थांबवल्यावर शुक्राणूंची संख्या पुरेशा पातळीवर यायला निम्म्या पुरुषांना साडेतीन महिन्यांच्या आत वेळ लागला. सहा महिन्यांत ६७ टक्के, वर्षभरात ९० टक्के आणि दोन वर्षांत जवळपास सर्व जण सावरतील, असा त्याचा हिशेब होता. पण हे सगळे निरोगी स्वयंसेवक होते आणि त्यांना मोजून-मापून औषध दिलं होतं.

दुसरा, नेदरलँड्समधील ‘हार्लेम’ अभ्यास. यात जिममध्ये स्वतःच्या मर्जीनं स्टेरॉइड घेणाऱ्या १०० हौशी पुरुषांवर लक्ष ठेवण्यात आलं. सायकलच्या शेवटी ७७ टक्के जणांमधील एकूण शुक्राणू चार कोटींच्या खाली गेले होते. सायकल संपून तीन महिने झाल्यावरही सुमारे २० टक्के जणांचं टेस्टोस्टेरॉन कमी होतं. सुरुवातीपासून वर्ष उलटल्यावर हे प्रमाण ११ टक्क्यांवर आलं.

तिसरा, डेन्मार्कमधील, २०१६ चा. यात स्टेरॉइड सोडून सरासरी अडीच वर्षं झालेले पुरुष होते. त्यांतल्या २७ टक्के जणांचं टेस्टोस्टेरॉन सामान्य पातळीच्या खाली आढळलं. कधीच स्टेरॉइड न घेतलेल्या तुलनेच्या गटात असं कुणीही नव्हतं.

तिन्हींचा अर्थ एकत्र लावला तर, बहुतेकांचं शरीर सावरतं, पण ते आठवड्यांत नव्हे तर महिन्यांत. काहींचं पूर्ण सावरत नाही. आपण कोणत्या गटात जाणार, हे आधी सांगता येत नाही. औषधं किती, किती काळ आणि किती प्रकारची घेतली, वय काय, मुळातली पातळी किती होती, यांवर बरंच अवलंबून असतं. पण ती ‘मुळातली पातळी’ कोर्सआधी तपासून घेणारे फारच थोडे.

मूल होण्यात अडचण येते का?

येऊ शकते, आणि नेमका याच ठिकाणी मोठा गैरसमज आहे. टेस्टोस्टेरॉन म्हणजे पुरुषत्व, मग ते जास्त घेतलं तर मूल होण्यास मदतच होईल, असं अनेकांना वाटतं. प्रत्यक्षात बाहेरून घेतलेलं टेस्टोस्टेरॉन शुक्राणू कमी करतं. म्हणूनच तर जागतिक आरोग्य संघटनेनं पुरुषी गर्भनिरोधक म्हणून त्याच्या चाचण्या घेतल्या होत्या.

एक शुक्राणू तयार व्हायला दोन ते अडीच महिने लागतात. त्यामुळे यंत्रणा आज सुरू झाली तरी तपासणीत सुधारणा दिसायला त्यापेक्षा जास्त वेळ जातो. लग्न ठरलंय किंवा मुलाचा विचार सुरू आहे, अशा तरुणानं ही गोष्ट डॉक्टरांपासून अजिबात लपवू नये. मूल होत नाही म्हणून आधी फक्त पत्नीच्याच तपासण्या करण्याची सवय आपल्याकडे अजून गेलेली नाही. अशा घरात नवऱ्यानं जुनी सायकल लपवली, तर तिच्या वाट्याला महिनोन्महिने विनाकारण औषधं आणि टोमणे येतात.

दुसरी चूक म्हणजे, ‘टेस्टोस्टेरॉन कमी आहे ना, मग तेच घे’ असा सल्ला. कोर्सनंतर पातळी कमी दिसली म्हणून पुन्हा टेस्टोस्टेरॉन घेतलं, तर शुक्राणू परत येण्याची वाट आणखी अडते.

‘पीसीटी’ केली की धोका टळतो का?

‘पीसीटी’ म्हणजे पोस्ट सायकल थेरपी. कोर्सनंतर क्लोमिफिन, टॅमॉक्सिफेन, एचसीजी अशी औषधं घेतली की हार्मोन लगेच परत येतात, असं जिममध्ये ठामपणे सांगितलं जातं. ही औषधं वैद्यकशास्त्राला नवी नाहीत. वंध्यत्व आणि स्तनांच्या कर्करोगाच्या उपचारांत ती वापरली जातात. काही निवडक रुग्णांना हार्मोन सुरू करण्यासाठी तज्ज्ञ डॉक्टर ती देतातही.

मात्र सरसकट सगळ्यांना पीसीटीनं फायदा होतो, याचा भक्कम पुरावा नाही. हार्लेम अभ्यासात पीसीटी करणारे आणि न करणारे, यांच्या सावरण्यात ठळक फरक दिसला नव्हता. शिवाय क्लोमिफिननं काहींना दृष्टीचा त्रास होतो, टॅमॉक्सिफेननं रक्तात गुठळी होण्याचा धोका वाढतो. ‘पीसीटी आहेच’ या भरवशावर सायकल सुरू करणं म्हणजे हेल्मेट आहे म्हणून उलट्या दिशेनं गाडी घालण्यासारखं आहे.

कोणते दुष्परिणाम जातात, कोणते राहतात?

बहुतेकदा सुधारणारे : वाढलेलं हिमोग्लोबिन आणि दाट झालेलं रक्त, घसरलेलं ‘चांगलं’ कोलेस्टेरॉल (एचडीएल), वाढलेला रक्तदाब, मुरुमं, लहान झालेली वृषणं. वेळ लागतो, पण औषध थांबवल्यावर हे हळूहळू मूळपदावर येऊ शकतं.

सहसा न जाणारे : जादा टेस्टोस्टेरॉनचं शरीरात इस्ट्रोजेनमध्ये रूपांतर होतं आणि पुरुषांच्या छातीत गाठ तयार होते. जिमच्या भाषेत ‘गायनो’. सुरुवातीला लक्ष दिलं तर उपचार होऊ शकतात, पण ती गाठ जुनी आणि घट्ट झाली की शस्त्रक्रियेशिवाय पर्याय उरत नाही. गेलेले केस आणि मुरुमांचे खोल व्रणही सहसा तसेच राहतात. महिलांनी ही औषधं घेतली तर आवाज घोगरा होतो आणि तो बहुतेकदा पूर्वीसारखा होत नाही. वाढीच्या वयातल्या मुलांची हाडं लवकर जुळतात आणि उंची तिथंच थांबू शकते.

सर्वात गंभीर : हृदय आणि यकृत. २०१७ मध्ये ‘सर्क्युलेशन’ या नियतकालिकात आलेल्या अभ्यासात वजन उचलणाऱ्या १४० पुरुषांची तपासणी झाली होती. स्टेरॉइड सुरू असलेल्यांच्या हृदयाची पंप करण्याची क्षमता (इजेक्शन फ्रॅक्शन) सरासरी ४९ टक्के होती, सोडलेल्यांची ५८ टक्के, तर कधीच न घेतलेल्यांची ६३ टक्के. म्हणजे सोडल्यानं फायदा होतो. पण स्टेरॉइड घेणाऱ्यांच्या हृदयाच्या रक्तवाहिन्यांत साचलेला थरही जास्त होता, आणि तो सुई थांबवल्यानं विरघळत नाही. डेन्मार्कमध्ये जिममधील डोपिंग चाचणीत दोषी आढळलेल्या ५४५ पुरुषांचा माग काढला गेला, तेव्हा त्यांच्यातील मृत्यूचा धोका त्याच वयाच्या इतर पुरुषांच्या तुलनेत सुमारे तिप्पट निघाला. गोळ्यांच्या रूपातील स्टेरॉइड्स यकृतावर जास्त ताण टाकतात आणि त्यांतून कावीळही होऊ शकते.

बाटलीवर लिहिलंय तेच आत असतं का?

याची खात्री देता येत नाही. टेस्टोस्टेरॉन आणि नँड्रोलोन ही डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकता न येणारी औषधं आहेत. बिलाशिवाय, कुरिअरनं किंवा ट्रेनरच्या बॅगेतून येणाऱ्या बाटलीत काय, किती आणि किती स्वच्छ आहे, हे विकणाऱ्यालाही ठाऊक नसतं. एकाच बाटलीतून किंवा एकाच सुईनं अनेकांनी इंजेक्शन घेतलं तर हिपॅटायटिस बी, सी आणि एचआयव्हीचा धोका असतो.

याच बाजारात मेफेंटरमाइनची इंजेक्शनंही फिरतात. हे स्टेरॉइड नाही. शस्त्रक्रियेदरम्यान घसरलेला रक्तदाब वाढवण्यासाठी ते वापरतात. जिममध्ये मात्र ‘पंप’ मिळावा म्हणून ते टोचून घेतलं जातं. पुण्यासह राज्यात अनेक ठिकाणी पोलीस आणि अन्न व औषध प्रशासनानं (एफडीए) त्याच्या बेकायदा विक्रीवर कारवाया केल्या आहेत. अशा विक्रीची तक्रार एफडीएच्या १८००-२२२-३६५ या टोल-फ्री क्रमांकावर करता येते.

स्पर्धेत उतरणाऱ्यांनी आणखी एक लक्षात ठेवावं. राष्ट्रीय उत्तेजकविरोधी संस्था अर्थात ‘नाडा’च्या चाचणीत स्टेरॉइड सापडलं, तर पहिल्याच गुन्ह्यात चार वर्षांपर्यंत बंदी येऊ शकते. नँड्रोलोनचे अंश तर शेवटच्या इंजेक्शननंतर अनेक महिने लघवीत सापडतात.

आता थांबवायचं आहे, कुठून सुरुवात करू?

पिपरी मेघेकरांसाठी सावंगीचं आचार्य विनोबा भावे ग्रामीण रुग्णालय आणि सेवाग्रामचं कस्तुरबा रुग्णालय जवळ आहे. मेडिसिन विभागाच्या ओपीडीपासून सुरुवात करा. गरज असेल तर डॉक्टर पुढं हार्मोनतज्ज्ञ, युरोलॉजिस्ट किंवा मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवतील.

काय सांगायचं : औषधांची नावं, मात्रा, किती आठवडे घेतली, शेवटची सुई कधी घेतली, सोबत कोणत्या गोळ्या आणि सप्लिमेंट होते. रिकामी बाटली किंवा तिचा फोटो असेल तर दाखवा. ही माहिती उपचारासाठी असते. लाजेखातर किंवा पोलिसांच्या भीतीनं ती लपवली तर निदानच चुकतं.

कोणत्या तपासण्या होतात : टेस्टोस्टेरॉन, एलएच, एफएसएच, प्रोलॅक्टिन, इस्ट्राडिओल, सीबीसी, लिपिड प्रोफाइल, यकृत आणि मूत्रपिंडाच्या तपासण्या, ईसीजी आणि गरजेनुसार टूडी इको. मुलाचा विचार असेल तर वीर्यतपासणी.

तपासणीआधी : टेस्टोस्टेरॉन सकाळी सर्वाधिक असतं. त्यामुळे रक्त सकाळी, उपाशीपोटी द्यावं लागतं. पातळी कमी आली तर वेगळ्या दिवशी पुन्हा तपासतात. पायांच्या जोरदार व्यायामानंतर लगेच रक्त दिलं तर एसजीओटी-एसजीपीटी स्नायूंमुळेही वाढलेलं दिसतं. म्हणून आधी दोन-तीन दिवस जड व्यायाम टाळा आणि आपण जिमला जातो हे डॉक्टरांना सांगा.

रिपोर्टचा ढोबळ अर्थ : टेस्टोस्टेरॉन आणि एलएच दोन्ही कमी असतील तर सेन्सर अजून झोपलेला आहे. टेस्टोस्टेरॉन कमी आणि एलएच जास्त असेल तर इशारा जातोय, पण वृषणं प्रतिसाद देत नाहीत. दोन्हींवरचे उपचार वेगळे. त्यामुळे नुसत्या टेस्टोस्टेरॉनच्या आकड्यावरून स्वतः निष्कर्ष काढू नका.

व्यायाम सोडू नका : वजनं थोडी कमी करा, झोप सात-आठ तास घ्या, प्रोटीन सुरू ठेवा, दारू टाळा. पहिल्या काही महिन्यांत वजन आणि ताकद थोडी उतरणार, हे धरूनच चाला.

लगेच रुग्णालयात जा : छातीत दुखणं, धाप लागणं, चक्कर येऊन पडणं, एका पायाला अचानक सूज, डोळे पिवळे होणं, इंजेक्शनच्या जागी पू किंवा ताप. मनात आत्महत्येचे विचार येत असतील तर ‘टेलि-मानस’च्या १४४१६ या क्रमांकावर कोणत्याही वेळी मोफत बोलता येतं, मराठीतही.

घरच्यांनी काय करावं?

पोराच्या कपाटात बाटल्या सापडल्या की पहिली प्रतिक्रिया आरडाओरड्याची असते. त्यानं तो औषध लपवायला शिकतो, सोडायला नाही. सोडल्यानंतरचे तीन ते सहा महिने सर्वात नाजूक असतात. या काळात तो गप्प राहत असेल, जिम टाळत असेल किंवा ‘किती वाळलास रे’ या शब्दांनी दुखावत असेल, तर तो आळस नाही. त्याच्या रक्तात हार्मोन खरोखरच कमी असतात.

मराठीत तब्येत ‘कमावतात’. ‘कमावलेलं शरीर’ हा शब्द विदर्भातल्या आखाड्यांनी आणि व्यायामशाळांनी पिढ्यान्‌पिढ्या जपला आहे. ज्यानं सुई थांबवली आहे, त्याला ही कमाई पुन्हा पहिल्यापासून करायची असते, तीही अंगात बळ कमी असताना. त्या काळात त्याला डॉक्टरकडे सोबत नेणारं एक माणूस घरात असलं, तर दुसरी सायकल सुरू होण्याची शक्यता बरीच कमी होते.